वरवंट्यावरची सही

पोलिसांचा फोन साहेबांना आला आणि साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "मॅडम, पंच म्हणून जाऊन या. बघायचं, सही करायची, झालं." मी पाटबंधारे खात्यात लिपिक. खुनाच्या पंचनाम्याला सरकारी माणसं बोलावतात, कारण बाहेरचे पंच कोर्टात ऐनवेळी फिरतात. साहेबांचं काय जातंय सांगायला? ते पंख्याखाली बसले, मी आणि आमचे शिपाईमामा जीपमध्ये.

पेठेतलंच घर. नवऱ्यानं बायकोला मारलं होतं. प्रेत नेलं होतं, पण स्वयंपाकघर तसंच होतं. पाट्यावर लसूण-खोबऱ्याचं वाटण अर्धवट पडलेलं आणि शेजारी वरवंटा. त्याला काय चिकटलंय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. हवालदारांनी तो कागदात गुंडाळला, दोरा बांधून लाख लावली आणि म्हणाले, वरच्या चिठ्ठीवर सही करा. हात असा थरथरत होता की स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर जमेना.

त्यानंतर खोबरं भाजल्याचा वास आला तरी मी उठून अंगणात जाऊन उभी राहायची. आमचा वरवंटा सासूबाईंनी माळ्यावर टाकला, तर तो डोक्यावर आहे म्हणून मला त्या खोलीत बसवेना. कोल्हापुरात राहून घरात बिनवाटणाची आमटी! नवरा मुकाट्यानं खायचा. तो हातात पाण्याचा तांब्या घेऊन मागून आला तरी मी दचकायची, आणि त्या गरीब माणसाचा चेहरा उतरायचा. त्याचीच भीती वाटायला लागली होती मला, हे कुणाला सांगणार?

शेवटी नणंदेनं ओढत सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडं नेलं. मी तोऱ्यातच म्हटलं, "मी काय येडी न्हाई. मला कुणी मारलं न्हाई, माझं कोण मेलं न्हाई."

"बघितलंय की तुम्ही," बाई म्हणाल्या. "बघितलेलं पण लागतं माणसाला."

मी तिथंच हमसून रडले.

मग कोर्टाचं समन्स आलं. मधल्या काळात शिपाईमामा वारले होते. सरकारी वकील म्हणाले, "आता पंच तुम्ही एकट्याच. तुम्ही डगमगलात तर तो वरवंटा त्याच घरातला, हे सांगणारं पोलिसांबाहेरचं कुणी उरत नाही." म्हणजे तो खुनी सुटणार आणि माझ्यामुळं सुटणार. मला त्या विचारानं जेवण जाईना. बाईंनी तयारी करून घेतली. पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, श्वास हळू सोडायचा, रोज घरी बसून सही करायची. सही छान वळणदार यायला लागली. नवरा म्हणाला, "मंत्री येणार हाय व्हय सही बघायला?" कितीतरी महिन्यांनी मी हसले.

कोर्टात पुडकं फोडलं. वरवंटा टेबलावर ठेवला आणि चिठ्ठी माझ्यासमोर धरली. आरोपीच्या वकिलानं माझ्या ऑफिसच्या कागदांवरच्या सह्या काढल्या. "ही सही तुमची नाहीच. पोलिसांनी मागून केलीय."

"माझीच हाय."

"मग इतकी वेगळी कशी?"

"भ्यालते मी."

मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीश म्हणाले, "इथं, आमच्यासमोर करा सही."

कागद वरवंट्याच्या शेजारीच ठेवला. मी पाय टेकवले, श्वास सोडला, बाईंनी शिकवलेलं सगळं केलं. काही म्हणता काही उपयोग झाला नाही. पेन कागदावर नाचत गेलं. संपलं, म्हटलं, माझ्या हातानं मी घालवलं.

न्यायाधीशांनी कागद आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं. मग दोन्ही वकिलांना पुढं बोलावून दाखवलं. पहिलं अक्षर तसंच मोडलेलं, शेवटची रेघ तशीच खाली घसरलेली. आरोपीचा वकील जागेवर जाऊन बसला.

आरोपी तोवर खाली बघत होता. आता त्यानं मान वर करून माझ्या हाताकडं बघितलं. हात अजून थांबला नव्हता. मी तो पदराखाली घेतला, तरी तो बघतच राहिला.