नव्या होडीची पूजा

धोम धरणाच्या काठावर एकदाच दिसलेले ते पलूसकडचे रिटायर सुभेदार मला अजून आठवतात. हौसेनं घेतलेली, हवा भरायची रबरी होडी त्यांनी नव्या ट्रॅक्टरसारखी पुजली. कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, पुढच्या दोरीत पेटत्या उदबत्त्या खोचल्या आणि मिशीवरून हात फिरवून वल्ही मारत निघाले.

थोडं आत गेल्यावर होडी सुस्कारे टाकू लागली. उदबत्ती टेकून रबराला भोक पडलं होतं. होडी दोन्ही बाजूंनी त्यांना मिठी मारत खाली बसत चालली, तरी सुभेदार ताठ आणि वल्ही चालूच. मी मोबाईल काढलेला बघून ते म्हणाले, "फोटू घ्या, पन छातीच्या वरचा."

काठावरून त्यांच्या बायकोनं हाक मारली, "आवं, उभं ऱ्हावा की. शेजारी म्हशी बसल्यात, गुडघाभर तर पानी हाय."

ते उभे राहिले. हार आपल्या गळ्यात घातला, लोळागोळा झालेली होडी खांद्यावर टाकली आणि निथळत माझ्यापाशी आले.

"बघितलंसा?" ते गंभीरपणे म्हणाले. "पूजा केली हुती म्हनून वाचलो."