मावसाजींचा उजेडावरचा संशय

नागपुरात माणसांवर संशय घेणारे पुष्कळ झाले, पण उजेडावर संशय घेणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. आम्ही त्यांना मावसाजी म्हणत असू. सदर भागात, तांगे उभे राहत त्या चौकाजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. छताला उत्तरेच्या बाजूने काचा, भिंतीवर राजवाड्याचा रंगवलेला पडदा, मध्ये तीन पायांवरचा सागवानी कॅमेरा आणि या सगळ्यावर एकाच वेळी नजर ठेवून असलेले मावसाजी. इंग्रजी अमदानीतल्या त्या दिवसांत फोटो काढून घेणे हा घरातला लहानसा समारंभच असे. लोक ठेवणीतले कपडे घालून, अत्तर लावून, हसतमुखाने येत आणि दारातच त्यांची गाठ अशा एका चेहऱ्याशी पडे, की आपण काही चोरून तर आणले नाही ना, अशी त्यांची त्यांनाच शंका यावी.

उजेड हा मुळात चोर, असे त्यांचे म्हणणे. सुईच्या टोकाएवढी फट मिळाली की तो आत शिरतो आणि काचेची प्लेट नासवून जातो. धंद्यापुरते हे खरेच होते, पण मावसाजींनी ते धंद्यापुरते ठेवले नाही. ते मूळचे उमरेडच्या विणकरांच्या घरातले. कॅमेऱ्यावर घ्यायचे काळे कापड त्यांना बाजारातले चालत नसे. ते त्यांच्या थोरल्या भावाने घरच्या मागावर खास घट्ट विणून दिलेले होते. भाऊ सख्खा, तरी रोज सकाळी मावसाजी ते कापड डोक्यावरून घेऊन रस्त्यावर उन्हात उभे राहत आणि कुठून उजेड झिरपतो का ते आतून चाचपून पाहत. नवे तांगेवाले हे दृश्य बघून घोडे थांबवत. जुने तांगेवाले त्यांना समजावून सांगत, की काही नाही, फोटोवाले आपल्या भावाचं कापड तपासून राहिले.

अंधाऱ्या खोलीची किल्ली त्यांच्या करगोट्याला बांधलेली असे. आत कोऱ्या प्लेटी असत आणि त्यांना मावशीनेसुद्धा हात लावायचा नाही, असा दंडक होता. मावशीने फोटो काढून झालेल्या प्लेटी धुवायच्या, वाळवायच्या, फोटो काढायला आलेल्या बायकांचे पदर नीट करायचे. कोरी प्लेट मात्र मावसाजींचीच. दुसरे फोटोवाले प्लेट आधीच हाताशी आणून ठेवत. मावसाजींना ते पटत नसे. ‘आपल्या हाताशी ठेवलं म्हंजे दुसऱ्याच्याही हाताशी आलं,’ ते म्हणत. म्हणून त्यांची पद्धत अशी: गिऱ्हाइकाला बसवायचे, काळ्या कापडात डोके घालून मागच्या दुधी काचेवर चित्र स्वच्छ दिसेपर्यंत कॅमेऱ्याची कळ फिरवायची, मग बाहेर येऊन अंधाऱ्या खोलीचे कुलूप उघडायचे, आत जायचे, प्लेट घेऊन बाहेर यायचे, कुलूप लावायचे, ते ओढून पाहायचे आणि दोन पावले टाकून परत जाऊन पुन्हा ओढून पाहायचे. एवढ्या वेळात कडेवरची पोरे झोपी जात.

समोरच्या बाजूला दुसरा एक स्टुडिओ निघाला, तेव्हा तर मावसाजींच्या संशयाला हक्काचे घर मिळाले. समोरच्याकडे विजेचे दिवे होते आणि तो हसून बोलायचा. या दोन्ही गोष्टी मावसाजींना सारख्याच घातक वाटत. समोरचा आपला राजवाडा चोरणार, अशी त्यांची खात्री होती. म्हणून त्यांनी पेंटरला बोलावून राजवाड्याचा एक दरवाजा मुद्दाम पुसून टाकायला लावला. समोरच्याने पडद्याची नक्कल केली, की बिनदरवाजाचा राजवाडा त्याच्याकडे सापडणार आणि चोर पकडला जाणार. पुढे मला त्यांनी फोटो काढून घ्यायच्या निमित्ताने तिकडे टेहळणीला पाठवले. मी तेव्हा सेक्रेटरिएटात कारकून होतो आणि रविवारी मावशीकडे जेवायला जात असे. जेवणाच्या बदल्यात अशी कामे पडत. समोरच्याच्या पडद्यावर समुद्र आणि मोटार निघाली. मी येऊन तसे सांगितल्यावर मावसाजींचा चेहरा सुटेल असे मला वाटले होते. ते म्हणाले, ‘माह्या वाड्याले हातच नाही लावला? मंग त्याचं काहीतरी मोठंच शिजून राहिलं गा.’

गिऱ्हाइकांवर तर त्यांचा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. फोटो काढायला येणारा माणूस घरून खोटा चेहरा लावून येतो, असे ते म्हणत. काटोलचे एक संत्र्यांचे व्यापारी पहिल्यांदा आले, ते येताना टोपलीभर संत्री घेऊन आले. फोटो पाहण्याआधीच हा माणूस संत्री का देतो, या विचाराने मावसाजींनी त्यांना तासभर ताटकळत ठेवले. शेवटी व्यापाऱ्याने लाजत कबूल केले, की मिशा जरा काळ्या दिसाव्यात अशी इच्छा आहे. मावसाजींनी विजयी मुद्रेने मावशीकडे पाहिले. मिशा पांढऱ्याच आल्या. संत्री मात्र घरात ठेवून घेतली आणि त्यांतले पहिले मला खायला दिले, ते चवीसाठी नव्हे, तपासणीसाठी, हे मी ओळखले होते.

पण एक सांगितले पाहिजे. या संशयानेच त्यांना कलावंत केले होते. गिऱ्हाईक कितीही ऐटीत बसो, मावसाजी कॅमेऱ्याची झडप उघडणारा रबरी फुगा हातात धरून नुसते उभे राहत. माणूस हसून हसून थकायचा, मग कंटाळायचा, मग आपण कुठे आहोत हे विसरून घरच्या विचारात पडायचा, आणि तेवढ्यात मावसाजी फुगा दाबत. एका मालगुजाराला त्यांनी असे इतका वेळ बसवले, की त्याला आपल्या आजारी बैलाची आठवण झाली. फोटो पाहून मालगुजार चिडला. राजासारखा बसलो होतो, हा कोण रडवेला, असे म्हणू लागला. त्याची बायको मात्र फोटो हातातून सोडेना. ‘हेच तं हायेत,’ ती म्हणाली, ‘घरी असेच बसते.’ सदरमध्ये समोरच्याचे दिवे कितीही झगझगोत, माणसासारखा माणूस पाहिजे असेल तर लोक मावसाजींकडेच येत.

आणि मग एका उन्हाळ्यात त्यांचे फोटो पुसट येऊ लागले. आधी डोळ्यांच्या पापण्या हरवल्या, मग लुगड्यांचे काठ, मग सगळा चेहराच पाण्यात पडल्यासारखा दिसायला लागला. लोक फोटो परत करू लागले आणि रस्ता ओलांडून समोर जाऊ लागले. मावसाजींनी प्लेटींच्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्यावर संशय घेऊन व्यापारी बदलला. मग धुण्याच्या पाण्यावर संशय घेतला. मग तांग्यांच्या चाकांनी जमीन हादरते असे ठरवून मला रस्त्यात उभे केले, तांगे थोपवायला. फक्त एका जागी त्यांचा संशय कधी गेला नाही, आणि ती जागा म्हणजे त्यांचे स्वतःचे डोळे. मी दारातून आत आलो तरी बोलेपर्यंत ते मला ओळखत नव्हते. पायरीचा अंदाज पायाने घेत होते. मावशीने डॉक्टरचे नाव काढले, तेव्हा डॉक्टरला समोरच्याने फितवले नसेल कशावरून, असे त्यांनी विचारले. स्टुडिओ आता दिवाळीपर्यंत टिकत नाही हे मला दिसत होते, मावशीलाही दिसत होते, आणि ज्याला दिसायला हवे होते त्याला काहीच दिसत नव्हते.

पोळ्याच्या सुमारास मात्र फोटो एकाएकी सुधारले. सुधारले म्हणजे कसे, तर लुगड्याच्या काठातला धागा न् धागा मोजावा असे. शाळेतल्या एका मास्तरणीचा फोटो तर इतका जिवंत आला, की मावसाजींनी लोकांच्या तोंडून त्याची तारीफ ऐकून तो दर्शनी काचेत लावला. मी एका रविवारी लवकर गेलो आणि मला कारण कळले. मावसाजी प्लेट आणायला अंधाऱ्या खोलीत गेले, आणि गिऱ्हाइकाचा फेटा नीट करायला म्हणून पुढे झालेली माझी मावशी, नऊवारी लुगड्याची, कपाळभर कुंकवाची मावशी, वळून काळ्या कापडात शिरली. आत तिने कळ फिरवली, क्षणभर थांबली, पुन्हा जराशी फिरवली आणि कुलूप लागल्याचा आवाज येण्याआधी फेट्यापाशी परत आली. नवऱ्याच्या कुलपाने तिला हवा तेवढा वेळ दिला होता. मला पाहून ती हळूच म्हणाली, ‘त्याईले सांगजो नको. दुकान गेलं तं चाललं, पन आपन फोटोवाले, हे त्याईच्या मनातून गेलं तं मानूस जगत नाही मंग.’ मी मान डोलावली.

सगळे सुरळीत चालले होते, म्हणूनच मावसाजींना झोप लागेना. बिघडलेले आपोआप सुधारत नाही. माझ्या कॅमेऱ्याला कोणीतरी हात घालून राहिलं, असे ते म्हणू लागले. जन्मभरातल्या त्यांच्या मोठ्या संशयांपैकी हा एकच खरा होता, आणि नेमका तोच खोटा ठरावा अशी आम्ही दोघे मनातून प्रार्थना करत होतो. त्यांनी उमरेडहून रेशमाचा एक धागा आणवला. कळ फिरवून झाली, की तो कळीपासून लाकडापर्यंत बांधायचा. इतका बारीक, की चांगल्या डोळ्यांनाही दिसू नये. पण विणकराच्या बोटांना तुटलेला धागा लगेच कळतो. हे सगळे त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितले, आणि समोरच्याचा माणूस आत शिरतो का हे पाहायला मलाच दारात बसवले. मावशीला सावध करायला मला सवडच मिळाली नाही.

त्या दिवशी नेमके काटोलचे व्यापारी आले होते, या वेळी सगळ्या घरादारासह. मावसाजींनी कळ फिरवली, धागा बांधला आणि ते आत गेले. मी मावशीला खुणावत राहिलो, पण तिचे लक्ष व्यापाऱ्याच्या सुनेच्या पदराकडे होते, आणि मग ती कापडात शिरली. मावसाजी बाहेर आले. कुलूप त्यांनी एकदाच ओढले. कॅमेऱ्यापाशी येऊन त्यांनी बोटे फिरवली आणि ती तुटक्या धाग्यापाशी थांबली. ‘कोन होतं इथं?’ त्यांनी विचारले. मी दाराकडे पाहू लागलो, मावशी सुनेचा पदर पुन्हा नीट करू लागली. बोलली ती व्यापाऱ्याची म्हातारी आई. तिला यात लपवण्यासारखे काय आहे तेच ठाऊक नव्हते. ती म्हणाली, ‘तुमची बायकोच तं होती बापा.’

मावसाजी कापडात डोके घालून उभे राहिले. आत पाहण्यासारखे त्यांना काही नव्हते. चेहरा झाकायला तेवढीच जागा होती. आतूनच त्यांनी विचारले, केव्हापासून. मावशीने सांगितले, पोळ्यापासून. मग प्रश्न आला, ‘अन् थे मास्तरीनबाई?’

‘थो माहा हाये,’ मावशी म्हणाली.

ते बाहेर आले तेव्हा डोळे पुसत नव्हते, पण पुसलेले होते. आता ते कॅमेरा फोडतात की मला, याचा मी विचार करत होतो. त्यांनी चाचपत मावशीचा हात शोधला आणि रबरी फुगा तिच्या मुठीत दिला. ‘मंग हे बी तूच दाब,’ ते म्हणाले, ‘अर्धंच काम काहून करतं वं?’

डॉक्टरकडे ते त्यानंतर गेले. काचबिंदू निघाला, आणि गेलेली नजर परत यायची नव्हती. स्टुडिओ मात्र चालला, चांगला चालला. मावशी कॅमेऱ्यामागे आणि मावसाजी गिऱ्हाइकाशेजारी खुर्चीवर. ते त्याच्याशी पिकापाण्याच्या गोष्टी काढत आणि कान देऊन बसत. आवाजातला खोटेपणा गळून पडला, की नुसते ‘हं’ म्हणत आणि मावशी फुगा दाबी. किल्ली मावशीच्या कमरेला गेली. बायका बाईपुढे मोकळ्या बसतात म्हणून दुरून बायका येऊ लागल्या. समोरचा एकदा अभिनंदन करायला आला, तेव्हा त्याने आत काय काय पाहिले, हे मावसाजी आठवडाभर मला विचारत होते.

स्वतःचा फोटो त्यांनी कधी कोणाला काढू दिला नव्हता; कोण कसा काढील याचा काय भरवसा. शेवटच्या वर्षी एक दिवस आपणहून म्हणाले, माझा काढ. बिनदरवाजाच्या राजवाड्यापुढे कोट घालून बसले. मावशी फुगा धरून उभी राहिली आणि दाबेचना. ते वैतागले, काहून थांबली म्हणून विचारू लागले. ‘चेहरा येऊ द्या,’ मावशी म्हणाली. ते हसले, आणि तिने दाबला.

तो फोटो आता माझ्याकडे आहे. मावसाजी भिंगाकडे पाहत नाहीत. भिंग कुठे आहे हे त्यांना दिसतच नव्हते. मावशीचा आवाज जिथून आला तिकडे ते पाहतात. त्या चेहऱ्यावर संशय कुठेच सापडत नाही, मी पुष्कळ शोधला. फोटो मात्र बिघडलेला आहे, हसताना ते हलले आणि सगळा चेहरा पुसट झाला. प्लेट धुऊन मावशी बाहेर आली, तेव्हा मी तिथेच होतो. नीट आला का, असे मावसाजींनी विचारले. मावशीने ओली प्लेट पदराआड धरली आणि म्हणाली, लई चांगला आला. मावसाजींनी बरं म्हटले आणि पुढे काहीच विचारले नाही.