दाराबाहेर हवा नाही

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला विषय मिळाला होता: मंगळावर राहणाऱ्या चार अंतराळवीरांसाठी कामाची जागा. आरामशीर हवी, आणि हवा-पाणी पुन्हा पुन्हा वापरता यायला हवं. बाकीची मुलं लायब्ररीत पळाली. मी घाटकोपरच्या आमच्या खोलीकडे पाहिलं. एक खोली, चार माणसं. मंगळ घरातच होता.

खोलीत उजेडाची जागा एकच, दाराशेजारच्या खिडकीखाली. तिथे ताईचं शिलाई मशीन असायचं. बाबांची गिरणी बंद पडल्यापासून घर त्यावरच चालत होतं, माझं कॉलेजसुद्धा. मी ते उचलून मोरीजवळच्या अंधारात नेलं आणि खिडकीखाली माझा ड्रॉइंग बोर्ड मांडला. ताई तिथेच दिवा लावून शिवायला बसली. तिच्याकडे तेव्हा लग्नघरची मोठी ऑर्डर होती, अख्ख्या वऱ्हाडाचे ब्लाऊज. ती नीट गेली की तिचं नाव होणार होतं.

मग एका रविवारी मी चाचणी ठेवली. दार-खिडकी बंद, संध्याकाळपर्यंत उघडायची नाही, बाहेरून कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. पाणी पुन्हा वापरायचं म्हटल्यावर आई म्हणाली, "तांदूळ धुतलेलं तुळशीला, भांड्यांचं मोरीला. मग आजवर आपण कुठे राहत होतो रे?" बाबांची बिडी मी काढून घेतली. हवा मोजकी होती.

एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. आमच्या चाळीत दार लागायचं ते रात्री. भरदिवसा लागलं तर आत भांडण, नाहीतर मरण. आणि आमच्याकडून भांडणाचा आवाज येत नव्हता.

शेजारच्या काकूंनी आधी दार वाजवलं. बाबा बोलायला गेले, मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. काकूंना नेमकं ते दबलेलं ‘हुं’ शेवटच्या कण्हण्यासारखं ऐकू गेलं असावं. थोड्या वेळाने वाण्याच्या दुकानातून कुणीतरी वाकोल्याला मामाला फोन केला. गॅलरीत कुजबुज वाढत गेली. "काल तर बरे होते हो." "चांगल्या माणसाचं असंच असतं." बाबा कान देऊन ऐकत होते. त्यांना ते आवडत होतं.

दुपारी एक ओळखीचा आवाज आला. नवरीची आई, ब्लाऊज न्यायला.

"दार उघड," ताई म्हणाली. "गिऱ्हाईक आहे."

"बाहेर हवा नाहीये," मी म्हणालो. कडीवर माझा हात होता. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही. हात काढता आला असता.

बाहेर काकू तिला हळू आवाजात काही सांगत होत्या. मग ती बाई म्हणाली, "अगं बाई. सुतकातल्या घरचं शिवण लग्नाला नको."

ताईने मला ढकललं आणि दार उघडलं. समोर अख्खी गॅलरी, आणि जिन्यात हार घेतलेला मामा.

"भावोजी, तुमी जितेच आसात?"

"आसंय," बाबा म्हणाले. "फक्त बिडी बंद आसा."

सगळे हसले. ती बाई नाही. "एकदा मनात अशुभ आलं ते आलं," म्हणत तिने शिवलेलं, बिनशिवलेलं सगळं कापड गोळा केलं आणि गेली.

मामाला हाराचं काय करावं कळेना. ताईने मशीन एकटीनेच ओढत खिडकीखाली आणलं, हार त्याच्या हातातून घेतला आणि मशीनला घातला. "ऑर्डर गेली त्याची," म्हणाली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कपड्यासाठी सुई ओवायला बसली. मी बोर्ड उचलून मोरीजवळ नेला.

मॉडेल तिथेच, अंधारात केलं. परीक्षेला सरांनी विचारलं, "कामाचं टेबल दाराला इतकं चिकटून का?"

"कुणी आलं तर पटकन उघडता यावं म्हणून."

"मंगळावर कोण येणार?" सर हसले. त्यांना तो विनोद वाटला, आणि विनोदाला त्यांनी मार्क चांगले दिले. मीही हसलो. घरी ताईने विचारलं, "काय म्हणाले?"

"जागा आवडली," म्हटलं. ती तिच्या मशीनचीच जागा होती, ते सांगितलं नाही.