पहिल्या वर्षाची ओळ

मुलीने बायोडाटा तपासायला दिला तो रविवारी सकाळी. नागपूरच्या एका वित्तसंस्थेत कायदा अधिकाऱ्यांच्या दोन जागा निघाल्या होत्या आणि सोमवारी दुपारपर्यंत कागद पाठवायचे होते. सनद मिळाल्यापासून ती भंडाऱ्याच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करत होती. अड्याळहून रोज जाणं-येणं. ही नोकरी तिला मनापासून हवी होती.

आमच्या घरातून कोणताही अर्ज माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. मी पाटबंधारे खात्यात आहे. तेवीस वर्षं तलावांच्या पातळीपट्टीवरचा आकडा वाचून नोंदवहीत लिहितो आहे. बांधावर चिखल झाला की काही जण कालच्या आकड्यावरून आजचा लिहून टाकतात. मी तसं कधी केलं नाही, आणि याचा मला अभिमान होता.

शिक्षणाच्या तक्त्यात तिने एलएल.बी.समोर नागपूरच्या कॉलेजचं नाव, तीन वर्षांचा काळ आणि शेवटच्या वर्षाचे चौसष्ट टक्के लिहिले होते. त्या कॉलेजात ती दोनच वर्षं होती. पहिलं वर्ष भंडाऱ्याच्या कॉलेजात झालं आणि त्या वर्षाचे गुण सत्तेचाळीस टक्के होते.

"इथं दोन वर्षं पाहिजे," मी म्हटलं. "पहिलं भंडाऱ्याले झालं."

तिने तिच्या एका मैत्रिणीचा दाखला दिला. विद्यापीठ एकच, पदवी एकच, त्यामुळे जिथून शिक्षण पूर्ण केलं तेच कॉलेज लिहायचं, सगळे असंच करतात. पदवीपुढे तेवढंच लिहिलं तर मला हरकत नव्हती. पण त्या नावापुढे तीन वर्षं लिहिणं खोटं होतं. शिवाय पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्याच कॉलेजचं नाव होतं, आणि मूळ कागद पाहिल्याशिवाय कोणी नोकरी देणार नव्हतं. मी हे सगळं तिला सांगितलं. कायदा शिकलेली ती, मी नाही.

"तलावाचं पाणी मोजल्यासारखं मोजून राहिले बाबा तुम्ही," ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "सत्तेचाळीस पाहिल्यावर पुढचे चौसष्ट कोण पाहते? आणि नागपूरले नंबर नाही लागला, म्हणून भंडाऱ्याले बसली, हे मीच त्यायले लिहून देऊ काय?"

तिचा नंबर लागला असता. हे आता घरात फक्त मला माहीत होतं.

तिच्या प्रवेशाच्या वर्षी तिच्या आईचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार आणि गुरुवार, भंडाऱ्याला. मला आठवड्यातून दोन दिवस रजा मिळणं शक्य नव्हतं, आणि मुलगी नागपूरला गेली तर आईला न्यायला कोणी नव्हतं. प्रवेश परीक्षेत तिला चांगले गुण होते. त्याच्या आदल्या वर्षी नागपूरच्या त्या कॉलेजात सगळ्यांत शेवटचा प्रवेश ज्या गुणांवर झाला, त्यापेक्षा नऊ जास्त. यादी मी स्वतः पाहिली होती.

कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा होता. त्या दिवशी ती आईबरोबर दवाखान्यात होती, म्हणून जाताना पासवर्ड माझ्याकडे देऊन गेली. नागपूर पहिलं, भंडारा शेवटी, असं तिने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर मी भंडारा पहिलं सांगितलं. तिथल्या माणसाने गुण पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, विचार करा. पहिलं भेटलं की पुढच्या फेरीत जाता येत नाही." मी म्हटलं, टाका.

यादी लागल्यावर तिने एवढंच विचारलं, की नागपूरचं नाहीच आलं? मी नाही म्हटलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण आकड्यांच्या बाबतीत मी चुकत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ते वर्ष तिने बसमध्ये आणि दवाखान्याच्या बाकावर काढलं. परीक्षेच्या आधी दीड महिना तिची आई गेली. सत्तेचाळीस टक्के आले. पुढच्या वर्षी मीच दाखला, ना-हरकत पत्र आणि बदलीचा अर्ज घेऊन धावपळ केली आणि तिला नागपूरला प्रवेश मिळाला. लोक म्हणाले, पोरीसाठी बापाने किती केलं. मी ऐकून घेतलं.

विचारलं असतं तर ती आपणहून थांबली असती, असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो. खरं हे, की ती नाही म्हणेल अशी मला भीती होती.

त्या रविवारी तिच्या बायोडाट्यातली चूक दाखवणारं माझं बोट कागदावरच होतं. मी ते उचललं आणि सगळं सांगितलं. गुण, यादी, चिठ्ठी, केंद्रावरच्या माणसाचं बोलणं. मी थांबल्यावर तिने विचारलं, "आईले माहीत होतं?"

"मागून सांगितलं होतं. ती म्हणाली, पोरीले सांगून टाका."

"मग?"

ती उठून अंगणात गेली. बराच वेळ मला तिची पाठ दिसत होती. परत आली ती सरळ लॅपटॉपसमोर बसली. नागपूरच्या कॉलेजसमोर दोन वर्षं केली. त्याखाली नवी ओळ घेतली, भंडाऱ्याचं कॉलेज, एलएल.बी. प्रथम वर्ष, सत्तेचाळीस टक्के. निदान आईच्या आजाराचं कारण तरी पुढे लिही, असं मी म्हटलं.

"आईच्या आजारावर मले नोकरी नाही मागायची," ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, "आणि ते पूर्ण कारणही नाही."

त्यानंतरचे आठ-दहा दिवस ती विचारलं तेवढ्यालाच उत्तर देत होती. जेवायला वाढत होती, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवणीने देत होती. मुलाखतीला गेली तेव्हाही मला तारीख आदल्या दिवशी कळली. परत आल्यावर मीच विचारलं. कॉलेज का बदललं हे त्यांनी विचारलंच होतं.

"म्हटलं, त्या वर्षी आईजवळ राहणं जरुरी होतं. मग जरुरी नाही राहिलं."

"आणि सत्तेचाळीस?"

"ते माझे आहेत, म्हटलं."

माझं नाव तिने घेतलं नव्हतं. ते मला दिलासा म्हणून घ्यावं की शिक्षा म्हणून, हे अजून ठरवता आलेलं नाही.

पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं, सोबत रुजू होण्याचा अर्ज. शिक्षणाचा तक्ता तिने पुन्हा तसाच भरला, दोन ओळींत. मी समोर बसलो होतो, पण कागद मागितला नाही. शेवटच्या पानावर नेमणुकीच्या ठिकाणांचा पसंतीक्रम विचारला होता. संस्थेची कार्यालयं तीन जिल्ह्यांत होती. अड्याळहून भंडारा सगळ्यांत जवळ, आणि आता घरात मी एकटाच राहणार होतो. दोघांनाही हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

तिने पेन उचललं. एक, नागपूर. दोन, गोंदिया. तीन, भंडारा. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे फिरवला.

"क्रम बरोबर आहे ना, बाबा?"

मी तिन्ही नावं नीट वाचली आणि बरोबर आहे म्हटलं.