बॅलेच्या वर्गात मी दिलेला आशीर्वाद

शुक्रवारी विश्रांतवाडीच्या बॅले क्लासमध्ये माझा निकाल होता. वय एकसष्ट, निवृत्त शिक्षिका, कायम पहिलीचा वर्ग, राहणार सदाशिव पेठ... आणि हो, बॅलेच. नीट वाचलंत तुम्ही.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर डॉक्टर म्हणाले, चालायला जा. गेले. तिथे बायका चालत कमी होत्या आणि एकमेकींच्या बीपीची चौकशी जास्त करत होत्या... मला ते काही मानवलं नाही. मग भाचीने या क्लासची जाहिरात पाठवली, बहुतेक गंमत म्हणून. मी फी भरून मोकळी झाले.

शिकवणाऱ्या झोया मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत. त्या मला काकू म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणते. वर्गात जो शिकवतो तो मोठा, हे मी जन्मभर मुलांना सांगत आले. आता स्वतःपुरता नियम कसा बदलायचा?

पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं... महिनाभर पाहू. पाय नीट वळायला लागले तर याच बॅचमध्ये राहा, नाहीतर गुडघा दुखावेल, मग ज्येष्ठांच्या बॅचला जावं लागेल. ज्येष्ठांची बॅच म्हणजे खुर्चीत बसून हात वर, हात खाली. तिथे मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

बॅलेचा श्रीगणेशा म्हणजे नुसतं उभं राहणं. भिंतीलगतची दांडी धरायची, टाचा जुळवायच्या, चवडे बाहेर करायचे आणि गुडघे वाकवत सावकाश खाली जायचं. मेख अशी, की पाय खुब्यापासून वळला पाहिजे. नुसते चवडे फिरवले की गुडघे आत पडतात... हे मला इतकं छान समजलं होतं, की शेजारच्या आयटीवाल्या मुलीला मी ते समजावूनही सांगितलं. तिला जमलं. मला नाही.

मग मॅडम माझं पाऊल नीट करायला खाली वाकल्या... आणि माझा हात आपोआप त्यांच्या डोक्यावर गेला. "सुखी राहा," असं म्हणूनही झालं. अख्खा वर्ग दांडी सोडून हसत होता, त्याही हसल्या.

खरा घोटाळा त्यानंतर सुरू झाला. आशीर्वाद आवरला, तर पाऊलच मागे जायला लागलं. शिकवणाऱ्याने आपल्या पायाला हात लावायचा, हे काही केल्या माझ्या पचनी पडेना. त्या वाकल्या की मी मागे सरायचे, वर त्यांनाच नमस्कार करायचे. महिना संपत आला तरी गुडघे होते तिथेच.

शुक्रवारी त्या पुन्हा वाकल्या आणि माझा पाय पुन्हा मागे गेला. त्या उठल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काकू, पहिलीच्या मुलांना अक्षर कसं शिकवायचात?"

"हात धरून गिरवून घ्यायचे."

"आणि कोणी हात मागे घेतला तर?"

"दटावायचे."

"मग आता मी दटावू का?"

मी पाय पुढे केला.

त्यांनी एका हाताने टाच धरली, दुसरा मांडीवर ठेवला आणि अख्खा पाय हळूहळू बाहेर वळवला. खुब्यापाशी काहीतरी सैल झालं. गुडघा बरोबर चवड्याच्या वर आला... मी खाली गेले, वर आले, कुठेही कुरकुर नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आरशात दिसू नये म्हणून मान वळवली, तर "मान सरळ, काकू" म्हणून ओरडा खाल्ला.

क्लास संपल्यावर निकाल विचारायचं धाडस काही झालं नाही. मी चपला घालत होते तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "सोमवारी केस वर घट्ट बांधून या. या बॅचला सैल अंबाडा चालत नाही."

मी जिना उतरले आणि स्कूटरला किल्ली लावली. फार म्हणजे फार आनंद झाला होता.

निवृत्त झाल्यापासून मला सगळे जपतात. मुलगी जपते, डॉक्टर जपतात, रिक्षावालेसुद्धा "सावकाश, आजी" म्हणतात... त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण या वयात आपल्याला दटावून शिकवणारं माणूस मिळायला नशीब लागतं. मला ते विश्रांतवाडीत मिळालं.