वरच्या रानातले कागदी बांध

निवृत्तीनंतर बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील पुसट झाले. पण डोंगरावर नसलेल्या बांधांची ती फिर्याद अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी अकोले तालुक्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळा सरताना साठीची एक विधवा ठाण्यात आली. "हे पोलिसांचं काम नाही," म्हणून अंमलदाराने तिला दोनदा परत पाठवले होते. तिसऱ्या दिवशीही ती बाकावर बसलेली दिसली, तेव्हा मी तिला आत बोलावले.

"साहेब, डोंगराची माती अन् दगडं वाहून माज्या भातखाचरात आली. सारं पीक गाडलं. वरच्या रानात माती अडवायला दगडी बांध घातल्यात म्हनून सरकारनं लोकांना अनुदान दिलं. पर तितं बांधच न्हाईत."

तिने माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या प्रती पुढे केल्या. सात शेतकरी, सात बांध, सात फोटो. त्यातल्या एका फोटोवर तिने बोट ठेवले.

"ह्यो बांध माज्या मालकानं रचलाय. माज्याच रानात हाय."

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन मी डोंगर चढलो. वरची रानं उघडी पडली होती, बांध एकही नव्हता. खाली बाईच्या बांधात मात्र जात्याचा एक फुटका दगड बसवलेला दिसला. सोबत आणलेले फोटो ताडून पाहिले, तर सातही फोटोंत कुठे ना कुठे तोच दगड. बांध एकच, फक्त उभे राहायची जागा बदललेली.

पंचनामा करून गुन्हा नोंदवला. अनुदान मिळवून देणारा मध्यस्थ मुरलेला होता. "फोटो वरच्या ऑफिसातून मंजूर झालेत, मला काय विचारता?" एवढेच तो घोकत राहिला. अशा माणसावर आवाज चढवून उपयोग नसतो. सात शेतकऱ्यांत एक त्या बाईचा सख्खा दीर होता. त्याला बोलावले, चहा दिला आणि त्याच्या नावाचा फोटो समोर ठेवला.

त्याने फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "ह्ये आमच्या आईचं जातं. ती गेल्यावर भावानं बांधात बसवलं हुतं."

"आणि तो बांध तू स्वतःचा म्हणून दाखवलास?"

"व्हय. मध्यस्थ म्हनला, निसता फोटू काढायचाय, कुनाचं काय जातंय?"

"मग, कुणाचं गेलं?"

त्याने तोंड झाकून घेतले. संध्याकाळपर्यंत त्याने सगळा जबाब दिला. मध्यस्थ आणि डोंगर न चढताच सही करणारा तपासणीस, दोघांना अटक झाली. दीर पुढे माफीचा साक्षीदार झाला.

दोघांना शिक्षा झाली त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मी बाईला म्हणालो, "झालं ना मनासारखं?"

"झालं, साहेब. पर खाचरातली दगडं अजून तशीच हायेत. येकटीनं निघत न्हाईत. दीर लाजंनं दाराशी येत न्हाई. त्येला सांगा, ये म्हनावं."

आरोपपत्र पाठवले की तपास संपला, असे मी नोकरीभर मानत आलो होतो. गुन्हेगाराला शिक्षा देता येते. पण ज्याचे नुकसान झाले त्याला पुन्हा त्याच माणसांत, त्याच मातीत राहायचे असते, हे मला त्या बाईने शिकवले.

येताना जीप मी दिराच्या घराकडे वळवली. तो ओट्यावर बसला होता. निरोप ऐकून त्याने एकच विचारले, "वहिनी स्वतः म्हनली?"

मी होय म्हणालो. तो उठला आणि कोपऱ्यातली पहार खांद्यावर घेऊन खाचराच्या वाटेला लागला.