युरिया लावलेला अंगठा

यंत्राच्या मते माझी आई मेली होती, आणि ती यंत्रासमोर स्टुलावर बसून दुकानदाराशी कडाकडा भांडत होती.

"अजून किती दाबू? फोडू का तुही मशीन?"

वलगावातलं हे दुकान तसं झेरॉक्सचं, पण पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखलेही तिथंच निघतात. बाबा शाळेत शिपाई होते. ते गेल्यापासून आईला त्यांच्यामागची पेन्शन मिळते, आणि ती चालू राहायची तर दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे अंगठ्यानं सिद्ध करावं लागतं. यंदा अंगठा उमटेना. जन्मभर मिरच्या नि काटेरी वांगी तोडून, राखेनं भांडी घासून रेषा झिजल्या होत्या, आणि थंडी पडताच भेगा तेवढ्या उघडल्या होत्या. चेहरा दाखवायचीही सोय आहे म्हणे. फोननं पापणी मिटायला सांगितली, तर आईनं दोन्ही डोळे गच्च मिटून हात जोडले. तिला वाटलं, सरकारला नमस्कार करायचा असतो. तेवढ्यात नेटवर्क गेलं, ते चेहऱ्यापुरतं पुन्हा आलंच नाही.

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, ऑनलाइनच करा. समोर उभ्या असलेल्या बाईला जिवंत म्हणायची त्यांची काही तयारी नव्हती. महिनाअखेरीपर्यंत दाखला निघाला नाही तर पेन्शन बंद, एवढं मात्र त्यांनी फार प्रेमानं सांगितलं.

भाजीचा पैसा माझ्या भावाच्या हातात जातो. पेन्शन तेवढी आईची. त्यातून ती नातवांना जत्रेत खाऊ घेते, मला दिवाळीला लुगडं घेते, आणि कोणाला विचारत नाही. ती बंद झाली तर चहापत्तीसाठीही मुलाकडे हात पसरायचा, ही भीती तिच्या पोटात बसली होती. तोंडानं ती यंत्राला शिव्या देत होती, एवढंच.

"काकू, बोटं नरम करा," दुकानदार म्हणाला. "क्रीम-गिरीम लावा."

मी अकोल्याहून दिवाळीला आले होते ती राहिलेच. क्रीम हा विषय माझाच, असा माझा समज होता. अकोल्याच्या उन्हाळ्यानं तोंडाचा पापड होतो, म्हणून मी दरवर्षी नवी बाटली घेते आणि दरवर्षी पापडच राहते. अमरावतीला जाऊन मोठ्या दुकानात शिरले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, हे घ्या, मस्त ग्लो येतो." म्हटलं, बाई, अंगठ्याला ग्लो आणून काय करू? रेषा आण! तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी. शेवटी तीन बाटल्या घेतल्या. एकीवर बदाम, एकीवर केशर, एकीवर पाण्याचा थेंब, आणि किमती अशा की वाटावं बदाम सोन्याचेच असतील.

आईनं बदामाकडे ढुंकूनही बघितलं नाही. "मांगं काय लिवलं थे वाच. खताच्या बॅगवर समोर नुसता हिरवा फोटो रायते. खरं मांगं रायते."

मागं मुंगीच्या अक्षरात यादी होती. जे जास्त ते आधी लिहायचं, असा नियम. पहिलंच नाव पाणी.

"पानी? दुधात पानी टाकलं त गवळ्याले शिव्या देतो आपन, अन तू अमरावतीहून पानी इकत आनलं?"

पुढं ग्लिसरीन, मग सेटिल अल्कोहोल. "दारू पन?" नाही गं माय, ते मेणासारखं असतं, क्रीम घट्ट करायला. मग सुगंध, आणि सुगंधाच्याही मागं, पंगतीच्या शेवटी बसलेल्या पाहुण्यासारखा, बदाम. मला इतका संताप आला! एवढी वर्षं मी फोटोचेच पैसे मोजत होते.

म्हटलं, भानगडच नको. साधी पेट्रोलियम जेली आणली, रात्री थापली, सकाळी निघतानाही थापली. अंगठा काचेवरून सर्रकन घसरला. दुसऱ्यांदाही घसरला. काच अशी तेलकट झाली की मागं उभ्या असलेल्या आजोबांचाही अंगठा उमटेना. त्या सकाळी वलगावात एकाच्या जागी दोन माणसं मेली. आजोबा मला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

मग फोनवर शांतपणे वाचलं. जेली नुसतं झाकण आहे. आतलं पाणी उडू देत नाही, पण स्वतः थेंबभर आणत नाही. कोरड्यावर लावली की कोरडच झाकते. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. आणि राठ, टणक झालेल्या कातडीला नरम करणारं, पाणी धरणारं आणखी एक आहे, टाचांच्या क्रीममध्ये असतं. युरिया.

"युरिया?" आई ताडकन उठून बसली. "मी का वावरातली पऱ्हाटी आहो?"

पण हा शब्द तिच्या ओळखीचा होता, आणि तोच नडला. टाचांचं क्रीम आणलं तर तिनं सूत्रं हातात घेतली. "युरिया कोरड्या मातीत टाकला त पीक जळते. आंधी पानी द्या लागते." वा! अंग ओलसर असताना लावा, असं डब्यावरही लिहिलं होतं. मीही कौतुक केलं. पण तिनं पाणी दिलं ते कपाशीला द्यावं तसं. जायच्या दिवशी सकाळपासून बादलीत हात घालून बसली. दुकानात पोचलो तेव्हा अंगठ्याचा मनुका झाला होता. यंत्रानं त्यालाही ओळखलं नाही.

"घरी बसा काकू," दुकानदार म्हणाला. "क्रीम लावा, काम करू नका. मंगच काई झालं त होईन."

काम करू नका! आईला असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी तिचे हात धुऊन, हलकेच टिपून क्रीम लावायची आणि वरून जेलीचं झाकण. भांडी मी घासायची. वांगी भाऊ तोडायचा, आणि रोज कुरकुरायचा, "आईले आता हातमोजे घालून मखरात बसवा." ती ओसरीत बसून वावराकडे बघायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, मिरच्या लाल झाल्या का? पहिल्यांदाच तिचे हात नीट बघायला मिळाले मला. लाज वाटली.

महिना सरता सरता पुन्हा गेलो. अंगठा कोरडा पुसला, ठेवला. हिरवं झालं!

"झालं काकू! जित्या झाल्या तुमी!" दुकानदार ओरडला.

मला वाटलं, ती हसेल. ती अंगठ्याकडे बघत राहिली.

"जलमभर राबली तवा या मशीनले मी मेलेली दिसली. अन बसून खाल्लं त जित्ती."

दुकानदार कागद काढायच्या निमित्तानं वळला.

दुसऱ्या दिवशी उजाडत नाही तर ती पदर खोचून, टोपली घेऊन फाटकाशी.

"कुठी चालली वं आई?"

"मराले," ती म्हणाली. "मिरच्या तोडाच्या हायेत."